कानांना पटणारी जागा

व्हीआरचा हेडसेट डोक्यावर चढवला की डोळ्यांना समोरचं साधारण १०० अंशांचं दृश्य मिळतं. बाकी सगळं, म्हणजे पाठ, दोन्ही बाजू, डोक्यावरचं छत आणि पायाखालची जमीन, कानांच्या हवाली असतं. पाठीमागच्या दाराची कडी वाजली आणि खेळणाऱ्याने मान भलतीकडे वळवली, तर ते दार कितीही देखणं रंगवलेलं असो, त्या क्षणापुरतं ते तिथे नसतंच. म्हणून गेम किंवा व्हीआर अनुभव घडवणाऱ्या प्रत्येक चमूला एक निर्णय लवकर घ्यावा लागतो: आवाजांना जागा द्यायची ती कोणत्या पद्धतीने? त्यासाठी तयार साधनं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक साधन स्वतःला सर्वांत अचूक म्हणवतं. माझं म्हणणं असं, की ही निवड साधनांची तुलना करून सुरू करू नये. आधी आपल्या गेममधले आवाज कागदावर मांडावेत आणि प्रत्येकापुढे लिहावं, की हा आवाज कुठून आला हे खेळणाऱ्याला कळल्यावाचून काही अडतं का. सगळ्या आवाजांना सारखी जागा लागत नाही. हे एकदा पटलं की निम्मा गोंधळ मिटतो.

पण त्याआधी कान ही जागा कशी ओळखतात ते पाहू.

१९०७ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड रेले यांनी दिलेलं उत्तर आजही पायाभूत आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. डोक्याच्या रुंदीमुळे हा उशीर जास्तीत जास्त ०.६५ मिलीसेकंदांच्या आसपास भरतो. पण मेंदू त्यातला १० मायक्रोसेकंदांचा फरकही टिपू शकतो. नाकासमोरचा आवाज एका अंशाने सरकला तरी आपल्याला कळतं, ते या जोरावर. हा वेळेतला फरक खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी उपयोगी पडतो. सुमारे १५०० हर्ट्झच्या वर ध्वनीच्या लहरी डोक्याच्या मापाइतक्या आखूड होतात, डोकं त्यांना अडवतं आणि पलीकडच्या कानाला आवाज क्षीण ऐकू येतो. तिथून पुढे दिशा सांगायचं काम हा जोरातला फरक करतो.

एवढ्याने मात्र भागत नाही. बरोबर समोरचा आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि एकाच जोराने पोचतो. डोक्यावरचाही तसाच. मग आपण गोंधळून का जात नाही? एक कारण १९४० साली हान्स वॉलाक यांनी प्रयोगांनी दाखवलं: आपण मान हलवतो. मान उजवीकडे वळवताच समोरचा आवाज डाव्या कानाकडे झुकतो आणि मागचा उजव्या कानाकडे. तेवढ्या हालचालीत शंका फिटते. दुसरं कारण आहे कानाचा बाहेरचा, घड्या पडलेला भाग. त्या घड्यांवर आपटून आत जाताना आवाजातल्या वरच्या पट्ट्या काही ठिकाणी दबतात आणि काही ठिकाणी उठून येतात. कुठली पट्टी दबली यावरून आवाज वरून आला की खालून, हे मेंदू ताडतो.

या घड्या किती व्यक्तिगत असतात हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९८ साली फार सुंदर रीतीने दाखवलं. पॉल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवून कानांचा आकार बदलला. डावं-उजवं ओळखण्यात फरक पडला नाही, पण उंचीचा अंदाज पार कोसळला. ती माणसं तसेच कान घेऊन रोजचे व्यवहार करत राहिली आणि काही आठवड्यांत त्यांना उंची पुन्हा कळू लागली. साचे काढल्यावर जुने कानही लगेच पहिल्यासारखे चालू लागले. मेंदूने नवे कान शिकून घेतले आणि जुने विसरलाही नाही. या प्रयोगात आपल्या विषयासाठी मोठा दिलासा आहे, त्याकडे पुढे येऊच.

या सगळ्या खुणा मोजता येतात. कानाच्या तोंडाशी इवला मायक्रोफोन बसवायचा, निरनिराळ्या दिशांनी स्पीकरमधून ठरावीक आवाज सोडायचा आणि प्रत्येक दिशेला दोन्ही कानांत काय पोचलं ते नोंदवायचं. नोंदींच्या या संचाला हेड रिलेटेड ट्रान्सफर फंक्शन, थोडक्यात एचआरटीएफ म्हणतात. १९९४ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये बिल गार्डनर आणि कीथ मार्टिन यांनी केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन ठेवून ७१० जागांची मोजमापं घेतली आणि ती सर्वांना खुली केली. एखादा कोरडा, मोनो आवाज अशा नोंदीतून गाळून घेतला की हेडफोनमध्ये तो त्या दिशेने आल्यासारखा वाटतो.

निदान पुतळ्यासारखे कान असणाऱ्याला तरी वाटतो. परक्या कानांनी ऐकताना समोरचा आवाज मागे जातो, वरचा खाली येतो किंवा सगळंच डोक्याच्या आत अडकून बसतं. सोनीचे मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना समजावून सांगताना याच अडचणीवर बराच वेळ दिला होता. शेकडो लोकांचे एचआरटीएफ मोजून त्यांनी पाच निवडले होते. खेळणाऱ्याने त्यातला आपल्याला जवळचा वाटेल तो घ्यावा. अॅपलने २०२२ मध्ये फोनच्या कॅमेऱ्याने कानांचा आकार टिपून ध्वनी व्यक्तीप्रमाणे जुळवण्याची सोय आणली.

मला विचाराल, तर लहान चमूने व्यक्तिगत एचआरटीएफच्या मागे लागू नये. दोन-चार पर्याय द्यावेत आणि सगळं लक्ष मानेच्या हालचालीवर द्यावं. मान फिरली तरी आवाज जागच्या जागी राहिला, तर वॉलाक यांनी दाखवलेली खूण मेंदूला मिळते आणि परक्या कानांचे बरेचसे दोष तो पोटात घालतो. शिवाय डोळे मदतीला येतात: हलणारे ओठ दिसले की आवाज त्या ओठांकडेच ओढला जातो. आणि हॉफमन यांच्या प्रयोगातला दिलासा इथे लागू पडतो: कान नवी भाषा शिकतात, तिचे नियम मध्येच बदलले नाहीत म्हणजे झालं. म्हणून एकच एचआरटीएफ संपूर्ण गेमभर ठेवणं हे थोडा बरा एचआरटीएफ शोधत बसण्यापेक्षा महत्त्वाचं. मान वळणं आणि आवाज बदलणं यांतला उशीर साधारण ६० मिलीसेकंदांच्या आत असला तर तो सहसा जाणवत नाही. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये तो याच्या कितीतरी पुढे जातो. महागडं साधन घेऊन खेळणाऱ्याला ब्लूटूथवर सोडणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी ओतणं आहे.

आता पद्धतींकडे. ५.१ किंवा ७.१ सारख्या ठरलेल्या स्पीकरांच्या मांडणीविषयी फार बोलायला नको. दिवाणखान्यातल्या पडद्यासाठी ती ठीक आहे, पण तिच्यात उंची नाही आणि हेडसेटमध्ये तिचं काम फारसं उरत नाही. खरी निवड दोन पद्धतींमध्ये असते आणि त्यातली एक समजायला थोडा वेळ द्यावा लागतो.

१९७० च्या दशकात ऑक्सफर्डचे गणिती मायकेल गर्झन यांनी अँबिसॉनिक्सचा पाया घातला. विचार असा: प्रत्येक स्पीकरला काय पाठवायचं हे साठवण्याऐवजी एका बिंदूपाशी सर्व दिशांनी येणारा ध्वनीच साठवावा. अगदी साध्या रूपात त्याला चार चॅनल पुरतात. एक एकूण दाबाचा आणि उरलेले तीन पुढे-मागे, डावे-उजवे, वर-खाली या तीन अक्षांचे. जास्त बारकावा हवा असेल तर पुढची श्रेणी घ्यायची: दुसऱ्या श्रेणीला नऊ चॅनल लागतात, तिसऱ्या श्रेणीला सोळा. गर्झन १९९६ मध्ये पन्नाशीतच गेले. त्यांच्या हयातीत या पद्धतीला बाजार मिळाला नाही. तो मिळवून दिला व्हीआरने. कारण साधं आहे. या रूपातलं संपूर्ण ध्वनिमंडल फिरवायला किरकोळ गणित पुरतं. मान फिरली, मंडल उलट फिरवा, झालं. त्यात दहा आवाज असोत की पाचशे, शेवटी हेडफोनसाठी रूपांतर करण्याचा खर्च तेवढाच.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिल्या श्रेणीत दिशा धूसर असते. आवाज कोणत्या अंगाचा आहे ते कळतं, पण बोट ठेवता येत नाही. दुसरी मर्यादा जास्त मूलभूत: हे मंडल एका बिंदूचं आहे. ऐकणारा दोन पावलं चालला तर जग त्याच्याबरोबर सरकतं. जवळचा झरा जवळ येत नाही, मागे पडत नाही. म्हणून ३६० अंशांच्या व्हिडिओसाठी, जिथे प्रेक्षक एका जागी बसून फक्त मान फिरवतो, तिथे ही पद्धत अगदी योग्य ठरते. यूट्यूबने २०१६ मध्ये तिचीच पहिली श्रेणी स्वीकारली. जिथे माणूस खोलीभर हिंडतो, तिथे ती पार्श्वभूमीपुरती ठेवावी.

दुसरी पद्धत वस्तूंची. प्रत्येक आवाज सुटा ठेवायचा, त्याला जगात एक ठिकाण द्यायचं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्याशी असलेलं नातं क्षणोक्षणी मोजून त्या आवाजाला त्या दिशेच्या एचआरटीएफमधून गाळायचं. अचूकता उत्तम, चालायला-फिरायला मोकळीक पूर्ण. पण प्रत्येक आवाजाचं गणित वेगळं. १९८० च्या दशकाअखेरीस नासाच्या एम्स केंद्रातल्या एलिझाबेथ वेन्झेल आणि त्यांचे सहकारी स्कॉट फॉस्टर यांनी कॉन्व्हॉल्व्होट्रॉन हे यंत्र याच कामासाठी उभं केलं. खास बांधलेलं ते यंत्र एका वेळी चार आवाज सांभाळायचं. आज हातात मावणारा प्रोसेसर त्याहून पुष्कळ जास्त सांभाळतो, पण स्वतःच्या बळावर चालणाऱ्या हेडसेटमध्ये तोच प्रोसेसर चित्रही काढत असतो. ७२ हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्राला जेमतेम १४ मिलीसेकंद मिळतात आणि ध्वनीला त्यातलं उरलंसुरलं.

आणि एक उदाहरण असं, जिथे या दोन्ही वाटा सोडण्यातच शहाणपण होतं. निंजा थिअरीच्या 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' या २०१७ च्या गेममध्ये नायिकेला मनात आवाज ऐकू येतात. चमूने नटांना मानवी डोक्याच्या आकाराच्या मायक्रोफोनभोवती फिरत, कानाशी कुजबुजत बोलायला लावलं आणि ते ध्वनिमुद्रण जवळपास तसंच हेडफोनमध्ये सोडलं. अशा मुद्रणात मान फिरली तरी आवाज जागा बदलत नाहीत. एरवी हा दोष मानला असता. इथे ते आवाज सेनुआच्या डोक्यातलेच आहेत; ती जिकडे वळेल तिकडे ते बरोबर वळतात आणि म्हणून सुटका नसल्याची भावना अंगावर येते. या गेमला ध्वनीसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. आवाज कुणाचा आणि कशासाठी, हे आधी ठरवलं की पद्धत किती सहज सापडते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथवर फक्त दिशेबद्दल बोललो. माझ्या अनुभवात चमू सर्वाधिक वेळ दिशेवर घालवतात आणि खोलीला विसरतात. वास्तविक जागा पटते ती मुख्यतः खोलीमुळे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण नुसत्या जोरावरून अंतर कळत नाही. हळू आवाज लांबचा असेल किंवा मुळातच नाजूक असेल. खोलीत मेंदू थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज यांचं प्रमाण पाहतो. जवळच्या माणसाचा थेट आवाज वरचढ असतो, दूरच्याचा घुमारा. हे परावर्तन नसेल तर हेडफोनमधला आवाज डोक्याबाहेर पडायलाच तयार होत नाही, एचआरटीएफ कितीही चांगला असो. डोक्याबाहेर न पडणाऱ्या आवाजावर आधी उपाय करायचा तो इथे.

आणि आडोसा. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, १०,००० हर्ट्झची साडेतीन सेंटिमीटर. त्यामुळे भिंतीआडचं बोलणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. लांब लहरी कोपऱ्याला वळसा घालतात, आखूड अडकतात. शिवाय शेजारच्या खोलीतला आवाज भिंतीतून सरळ येण्यापेक्षा दारातून येतो आणि आपण दाराकडे पाहतो. भिंतीतून सरळ रेषेत आवाज सोडणारा गेम खेळणाऱ्याला भिंतीवर धडकवतो.

हे साधायच्या दोन तऱ्हा आहेत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये निकुंज रघुवंशी आणि सहकाऱ्यांनी ट्रायटन प्रकल्पात ध्वनिलहरींचं संपूर्ण गणित आधीच, संगणकांच्या ताफ्यावर करून ठेवलं आणि त्याचा सारांश तेवढा गेममध्ये भरला. २०१६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर ४' मध्ये ते वापरलं गेलं. दारांना वळसे घालणारा आवाज यात फार नैसर्गिक उतरतो, खेळताना खर्चही नगण्य. पण नकाशा बदलला की पुन्हा सगळं शिजवावं लागतं आणि खेळता खेळता कोसळणारी भिंत त्याला अवघड जाते. दुसरी तऱ्हा खेळतानाच किरण सोडून ते कुठे आपटतात ते पाहण्याची. स्टीम ऑडिओ या साधनात ती आहे. ती बदलत्या जगाशी जुळवून घेते, मात्र प्रोसेसरकडून त्याची किंमत वसूल करते.

आता एक जुनं दुमजली घर घ्या. रात्र आहे, बाहेर पाऊस, आत एक माणूस आपल्याला शोधतो आहे. त्याची पावलं, त्याचा श्वास आणि दाराची कडी या आवाजांवर खेळणाऱ्याचं जगणं-मरणं अवलंबून आहे. त्यांना वस्तूंची पद्धत, उत्तम एचआरटीएफ, आडोसा आणि वरच्या मजल्याची उंची, सगळं द्या. अशा आवाजांची संख्या एका क्षणी पाच-सहापलीकडे क्वचितच जाते. घड्याळ, नळाचं ठिबकणं, उंदीर यांना दिशा हवी पण काटेकोर नको. ते सगळे तिसऱ्या श्रेणीच्या एकाच अँबिसॉनिक्स मंडलात कालवून एकदम रूपांतरित करा. पाऊस आणि वारा तर पहिल्या श्रेणीतही सुखाने राहतात, मात्र खिडकीशी गेल्यावर पाऊस जवळ यावा म्हणून खिडकीवर एक सुटा आवाज ठेवा. पार्श्वसंगीत साध्या स्टिरिओत असू द्या. त्याला एचआरटीएफमधून गाळलं तर वाद्यांचा रंग उगाच बिघडतो. नायकाचा स्वतःचा श्वास डोक्यातच हवा. घुमारा खोलीनिहाय आधीच शिजवलेला चालेल, कारण घर कोसळणार नाही. दारं मात्र उघडतात-मिटतात, म्हणून दाराची स्थिती आडोशाच्या गणितात आलीच पाहिजे. एकाच घरात चार पद्धती नांदल्या आणि कुणीच कुणाच्या आड आली नाही.

साधन कोणतं घ्यायचं, यावर इतिहासाचा एक धडा आहे. ऑरियल कंपनीचं एथ्रीडी तंत्र १९९० च्या दशकात भिंतींवरची परावर्तनं ताज्या ताज्या मोजायचं आणि त्यामागे नासातल्या त्या यंत्राचाच वारसा होता. प्रतिस्पर्धी क्रिएटिव्हने पेटंटवरून खटला भरला. १९९९ मध्ये ऑरियल तो जिंकली, पण खर्चाने खचून २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टाने साउंड कार्डाला थेट काम देण्याची जुनी वाटच बंद केली आणि कित्येक गेम एका रात्रीत सपाट ऐकू येऊ लागले. दोष गेमचा नव्हता, पण सोसावं खेळणाऱ्यांना लागलं. म्हणून ज्याचा कोड खुला आहे असं साधन मी आधी पाहीन. स्टीम ऑडिओचा कोड २०२४ मध्ये खुला झाला, गूगलच्या रेझोनन्स ऑडिओचा २०१८ मध्येच. त्याची वाढ थांबली, तरी कोड हाती असल्याने वापरणाऱ्यांचं सगळंच बुडालं नाही.

बाकी खड्डे नेहमीचे. विंडोजमधला किंवा हेडफोनमधला 'सराउंड' चालू राहिला, तर गेमने गाळलेला आवाज पुन्हा गाळला जातो आणि जागेचा चिखल होतो. सुरुवातीच्याच पडद्यावर तो बंद करायला सांगावं. खोलीचा घुमारा आधीच मुरलेली मुद्रणं घेऊ नयेत. स्टिरिओ फाइल बिंदूवर ठेवू नये. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं किंवा अजिबात येत नाही, त्यांच्यासाठी 'फोर्टनाइट'सारखी दिशादर्शक खूण पडद्यावर दाखवण्याची सोय द्यावी. आणि उलट बाजूने 'पापा सांग्रे' किंवा 'अ ब्लाइंड लेजंड' हे केवळ कानांनी खेळायचे गेम प्रत्येक ध्वनिरचनाकाराने एकदा तरी खेळावेत; चित्राचा आधार काढून घेतल्यावर काय टिकतं ते तिथे कळतं.

चाचणीही तशीच घ्यावी. पडदा काळा करा, आवाज सोडा आणि खेळणाऱ्याला बोट दाखवायला सांगा. चूक पुढे-मागे होत असेल तर मान वळवायला वेळ मिळतो का ते पाहा. आवाज अर्ध्या सेकंदात संपत असेल तर तो लांबवा किंवा पुन्हा वाजवा. चूक उंचीची असेल तर एचआरटीएफ बदलण्याआधी आवाज तपासा: भुताचा घुमा हुंकार कुठल्याच कानाला उंची सांगू शकत नाही, कारण घड्यांवर आपटायला त्यात वरच्या पट्ट्याच नाहीत. त्याच्या पायाखाली करकरणारी फळी किंवा गळ्यात किणकिणणारी साखळी घाला आणि पुन्हा बोट दाखवायला सांगा.